धूम्रपानबंदीने धंदा बसतो का? गल्ल्याचा हिशेब आणि कामगाराचा हिशेब

ताळेबंद (धागालेखक)

हॉटेल, बार, क्लब, कॅसिनो अशा ठिकाणी सिगारेटबंदी येणार म्हटलं की पहिला आवाज मालकांचा उठतो. गिऱ्हाईक तुटेल, माणसं कमी करावी लागतील, शेवटी शटर ओढावं लागेल. देश कोणताही असो, भीती जवळपास याच शब्दांत मांडली गेली. बंदी येऊन २० वर्षं उलटलेली ठिकाणं आता बरीच आहेत, त्यामुळे ती भीती कितपत खरी ठरली हे तपासता येतं. त्यासाठीच हा धागा.

कॅलिफोर्नियाने १९९५मध्ये रेस्टॉरंटमध्ये आणि १९९८मध्ये बारमध्ये बंदी आणली. न्यूयॉर्क शहरात ३० मार्च २००३पासून बारही धूरमुक्त झाले. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी पबसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त केल्या. संपूर्ण देशभर असं करणारा तो पहिला देश. पाठोपाठ नॉर्वे, न्यूझीलंड, इटली, स्कॉटलंड, आणि १ जुलै २००७ला इंग्लंड.

न्यूयॉर्कने वर्षभराने अहवाल काढला. त्यानुसार रेस्टॉरंट आणि बारकडून मिळालेला कर ८.७ टक्क्यांनी वाढला होता आणि या क्षेत्रात सुमारे १०,६०० नोकऱ्यांची भर पडली होती. टेक्सासमधल्या एल पासो शहरात जानेवारी २००२पासून बंदी होती. तिथल्या विक्रीकराच्या नोंदींत रेस्टॉरंट किंवा बारची विक्री घटल्याचं दिसलं नाही. २००३मध्ये काही संशोधकांनी तोवरचे ९७ अभ्यास एकत्र तपासले. ज्यांत प्रत्यक्ष विक्रीची किंवा रोजगाराची आकडेवारी होती, आधीची-नंतरची पुरेशी वर्षं होती आणि एकूण अर्थव्यवस्थेच्या चढउताराचा विचार केला होता, अशा २१ अभ्यासांत धंद्यावर एक तर परिणाम नव्हता किंवा थोडा चांगला होता. नुकसान झालं असं सांगणाऱ्या बहुतेक अभ्यासांमागे मात्र तंबाखू उद्योगाचा पैसा निघाला.

असं का होत असावं? ओढणारा बारमध्ये मुळात सिगारेटसाठी जात नाही. ती तो कुठेही ओढू शकतो. तो जातो संगतीसाठी, पेयासाठी, संगीतासाठी, सामना बघायला. झुरका मारायला पाच मिनिटं बाहेर जाऊन तो परत येतो. दुसरीकडे, धुरामुळे लवकर उठणारे किंवा मुळात न फिरकणारे बहुसंख्य लोक येऊ लागतात. त्यांचं न येणं आधी कुठल्याच वहीत नोंदलेलं नसतं.

मग मालक खोटं बोलत होते का? मला तसं वाटत नाही. मालक स्वतःला विचारतो, 'मी एकट्याने बंदी केली आणि शेजारच्याने केली नाही तर?' त्याचं उत्तर 'माझं गिऱ्हाईक शेजारी जाईल' हेच आहे, आणि ते बरोबर आहे. कायदा मात्र दोघांना एकाच दिवशी लागू होतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं जातं.

तरीही चर्चा फक्त गल्ल्यापाशी थांबू नये असं मला मनापासून वाटतं. विक्री घटली की वाढली याने बंदी योग्य की अयोग्य हे ठरत नाही. आठ-दहा तास त्याच हवेत उभं राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाची किंमत मालकाच्या ताळेबंदात कुठेच येत नाही, आणि अर्थशास्त्र म्हणून बघायचं तर खरा प्रश्न तिथे आहे. माझं म्हणणं असं : बंदी आणायची तर सर्वांना सारखी, सवलती न देता. अर्धवट बंदी धंद्यालाही वाईट आणि कामगारालाही. आकडे असतील तर टाका, विरोधी असतील तर जरूर टाका.

---

खुला_बाजार

लेख आवडला, पण निष्कर्षाशी सहमत नाही. क्रमाने लिहितो.

न्यूयॉर्कच्या अहवालावर तेव्हाच आक्षेप घेतले गेले होते. तुलना ज्या काळाशी केली तो सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतरच्या मंदीचा काळ होता, म्हणजे तिथून वर येणं अपेक्षितच होतं. शिवाय त्या आकड्यात झटपट खाण्याची दुकानंही धरलेली होती, जिथे सिगारेटचा प्रश्न फारसा नव्हताच. बारचं नुकसान रेस्टॉरंटच्या वाढीखाली झाकलं गेलं असू शकतं.

दुसरा मुद्दा जास्त मूलभूत आहे. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसने १९६०मध्ये मांडलं की मालमत्तेचे हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीचा खर्च कमी असेल तर बाह्य परिणामांचा (एकाच्या वागण्याचा दुसऱ्याला बसणाऱ्या फटक्याचा) प्रश्न लोक आपसात सोडवू शकतात. बारमधली हवा ही मालकाची आहे. ती रस्त्यावरच्या हवेसारखी बेवारस नाही. धुरामुळे दहा गिऱ्हाइकं जात असतील आणि आठ येत असतील तर मालक स्वतःच बंदी करेल, कारण त्यात त्याचाच फायदा आहे. दारावर पाटी लावा, 'इथे धूम्रपान चालतं' किंवा 'चालत नाही'. ज्याला जिथे जायचं तिथे तो जाईल. कामगारही धुराच्या जागी काम करायला जास्त पगार मागेल. खाणीत, उंच इमारतींवर काम करणाऱ्यांना जोखमीचा मोबदला मिळतोच की.

बंदीने धंदा वाढतो हे खरं असेल तर मग कायद्याची गरजच काय? इतके मालक स्वतःचा फायदा ओळखू शकत नाहीत असं मानायचं का?

---

आकडेमोड

दोघांच्याही मुद्द्यांत भर घालते. या विषयात कुणाचा आकडा कसा मोजला हे आधी विचारावं.

बहुतेक 'नुकसान झालं' छापाचे दावे मालकांना विचारून केलेल्या पाहण्यांतून येतात. बंदीला विरोध असलेल्या मालकाला 'विक्री घटली का?' विचारलं तर उत्तर काय येणार? त्याला खोटारडं न ठरवताही हे म्हणता येतं, कारण आठवण अपेक्षेकडे झुकते. कराच्या नोंदी यापेक्षा बऱ्या. पण त्याही आधीची काही वर्षं आणि नंतरची काही वर्षं अशा सलग हव्यात, हंगामाचा चढउतार वजा केलेला हवा, आणि बंदी नसलेला शेजारचा प्रदेश तुलनेला हवा. आयर्लंडचंच घ्या. तिथे पबमधली विक्री बंदीच्या आधीपासून घसरत होती. लोक घरी पिऊ लागले होते, पबमधले दर चढत होते. २००४नंतरची सगळी घट बंदीच्या नावावर टाकली तर हिशेब चुकतो.

खुला_बाजार यांचा बार आणि रेस्टॉरंट वेगळे मोजण्याचा आग्रह मात्र रास्त आहे. अ‍ॅडम्स आणि कॉटी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७मध्ये अमेरिकेतल्या काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) रोजगाराचा अभ्यास केला. रेस्टॉरंटमध्ये एकूण फरक जवळपास नव्हता. बारमध्ये रोजगार घटला होता, आणि जिथे ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त तिथे घट जास्त होती. या अभ्यासाला तंबाखू कंपनीचा अभ्यास म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आणि कॅसिनो. डेलावेअरमध्ये नोव्हेंबर २००२मध्ये बंदी आली आणि तिथल्या जुगारकेंद्रांची कमाई ठळकपणे घसरली. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २००८पासून बंदी आली आणि पहिल्या वर्षात कॅसिनोंची कमाई २० टक्क्यांच्या आसपास घटली. त्यातलं किती बंदीमुळे आणि किती त्याच वर्षीच्या मंदीमुळे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी 'कुठेच काही नुकसान होत नाही' हे वाक्य मी लिहिणार नाही.

नियम दोन्ही बाजूंना सारखा लावायला हवा, म्हणून आरोग्याचंही सांगते. मोंटानातल्या हेलेना या लहान शहरात २००२मध्ये सहा महिने बंदी होती आणि त्या काळात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे रुग्ण ४० टक्क्यांनी घटले असं प्रसिद्ध झालं. मोठा गाजावाजा झाला. मूळ आकडे बघा : सरासरी ४० रुग्णांवरून २४. एवढ्या छोट्या संख्येत नुसत्या योगायोगानेही मोठे चढउतार होतात. पुढे मोठ्या लोकसंख्येवर पाहिलं तेव्हा परिणाम बराच लहान निघाला, काही अभ्यासांत तर दिसलाच नाही. स्कॉटलंडचा अभ्यास जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो रुग्णालयांत ठरवून केला होता : हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणारे रुग्ण १७ टक्क्यांनी घटले, त्याच काळात बंदी नसलेल्या इंग्लंडमध्ये ४ टक्क्यांनी.

---

पारवा

वाचतेय. वाचनखूण साठवली. एक शंका : कॅसिनो आणि बार यांत एवढा फरक का पडावा? दोन्हीकडे ओढणारे असतातच ना?

---

आकडेमोड

पारवा, तीन कारणं सांगता येतील. जुगार खेळणाऱ्यांत ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं. मशीनपुढे बसलेला माणूस झुरक्यासाठी उठला की त्याची तंद्री तुटते, खेळणं थांबतं, आणि कॅसिनोची कमाई त्याच सलग बसण्यावर चालते. बारमध्ये बाहेर गेलेल्याचा ग्लास टेबलावर वाट बघत असतो. तिसरं म्हणजे सीमा. इलिनॉयच्या शेजारी इंडियानात कॅसिनोंना मोकळीक होती. गाडी काढून थोडं पुढे गेलं की काम होत होतं.

यातून आणखी एक प्रश्न निघतो. मशीनपुढून उठल्यामुळे माणूस कमी पैसे हरला, तर तो कॅसिनोचा तोटा आहे, पण समाजाचा आहे का? ते पैसे त्याने दुसरीकडे कुठेतरी खर्च केले असतील. एका धंद्याची विक्री घटणं आणि अर्थव्यवस्थेचं नुकसान होणं या गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. याचीच दुसरी बाजू : रेस्टॉरंटची विक्री वाढली हाही समाजाचा निव्वळ फायदा म्हणता येणार नाही. तोही कुठून तरी सरकलेला पैसा असतो.

---

दुसरी_पाळी

इथे सहसा लिहीत नाही, पण खुला_बाजार यांच्या पगाराच्या मुद्द्यावर लिहावंसं वाटलं.

मी बरीच वर्षं रात्रीच्या पाळीला अशा बारमध्ये वाढपी म्हणून काम केलंय जिथे छतापाशी धुराचा थर दिसायचा. मुलाखतीत पाळी किती तासांची, सुट्टी कधी, टीप कशी वाटली जाते एवढंच बोललं गेलं. धुराचा विषय निघाला नाही, आणि मीही काढला नाही, कारण नोकरी हवी होती. धूर नसलेल्या जागी काम करणाऱ्या मित्राचा आणि माझा पगार सारखाच होता. 'जोखमीचा मोबदला' मागायचा तर आधी जोखीम किती आहे हे कळायला हवं, आणि मागितल्यावर काढून टाकणार नाहीत याची खात्री हवी. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

खोकला कायमचाच झाला होता. डोळे चुरचुरायचे, कपड्यांचा वास धुऊनही जात नसे. त्या जागी पुढे बंदी आली. दोन-तीन आठवड्यांत सकाळचा खोकला कमी झाला. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की तो माझ्या प्रकृतीचा भाग नव्हता.

गिऱ्हाईक दोन तास बसून जातं. त्याला निवड आहे, हे मान्य. आमच्या निवडीचं काय?

---

ताळेबंद

दुसरी_पाळी, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हा अनुभव मोजलाही गेला आहे. कॅलिफोर्नियात बारमध्ये बंदी आली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांची आधी आणि नंतर तपासणी झाली होती. आधी ३९ जणांना खोकला, घरघर अशी श्वसनाची लक्षणं होती. बंदीनंतर त्यांपैकी २३ जणांची लक्षणं गेली. नमुना लहान आहे, आकडेमोड ओरडण्याआधीच सांगतो. पण दिशा स्पष्ट आहे.

खुला_बाजार, 'मालक स्वतःच का बंदी करत नाहीत' याचं एक उत्तर मी वर दिलं. एकट्याने पाऊल टाकणाऱ्याला पहिल्या दिवशी ओढणारं गिऱ्हाईक जाताना दिसतं, आणि न ओढणारं नवं गिऱ्हाईक यायला महिने लागतात. शिवाय हे लोक टोळक्याने येतात. सहा जणांतला एक ओढणारा असला तर सगळे सहाजण तिथे जातात जिथे त्याला चालतं. म्हणजे एका ओढणाऱ्याचा वजनदार नकाराधिकार पाच जणांच्या आवडीवर चालतो. बाजार मोजताना मालकाला सहा गिऱ्हाइकं 'धुराच्या बाजूची' दिसतात.

---

खुला_बाजार

टोळक्याचा मुद्दा पटला, तो माझ्या लक्षात आला नव्हता. दुसरी_पाळी यांच्या लिखाणाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कामगाराला माहिती नसेल आणि पर्याय नसतील तर पगारात जोखीम उतरत नाही, हे अर्थशास्त्रातही मान्यच आहे.

पण त्यावर उपाय म्हणून सरसकट बंदीच का? मधले मार्ग आहेत. उत्तम वायुवीजन बसवणाऱ्याला परवानगी द्या. किंवा एका शहरात ठरावीक संख्येचे धूम्रपान-परवाने काढून त्यांचा लिलाव करा. ज्याला त्याची खरी गरज आहे तो बोली लावेल, बाकीचे धूरमुक्त होतील. ओढणाऱ्यांनाही जागा उरेल, आणि धुराला किंमत लागेल. लहान मालकांना निवडीचा हक्क द्या. 'सर्वांना सारखं' हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण पाठीमागे अंगण असलेला मोठा पब आणि एका खोलीचा छोटा बार यांना सारखा नियम लावला की मार सारखा बसत नाही.

---

वातायन

वायुवीजन हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून तेवढ्यापुरतं.

हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा वास कमी करते, धूर पातळ करते. धोका संपवत नाही. वातानुकूलन अभियंत्यांची संघटना अ‍ॅशरे हिने २००५मध्ये भूमिका जाहीर केली की धुराचा आरोग्यधोका परिणामकारकपणे दूर करायचा तर आत धूम्रपान बंद करणं हाच मार्ग आहे. लक्षात घ्या, यंत्रणा विकण्यात ज्यांचा फायदा आहे त्यांचीच ही संघटना. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या) २००६च्या अहवालातही तेच होतं : दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी पातळी नाही, आणि वेगळे विभाग, हवा गाळणं, वायुवीजन यांनी धुराशी येणारा संपर्क पूर्ण थांबत नाही.

काचेची बंद खोली करता येते. तिच्यात दाब बाकी जागेपेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे दार उघडलं की हवा आत जाते, बाहेर येत नाही. तिथली हवा फिरवून परत वापरायची नाही, थेट बाहेर सोडायची. म्हणजे थंड किंवा गरम केलेली हवा सतत फेकून द्यायची. पंखे, वीज, गाळण्या बदलणं, देखभाल. हा खर्च कोण पेलतं? मोठी साखळी. एका खोलीच्या बारमध्ये तर जागाच नसते. आणि त्या खोलीतले रक्षापात्र रिकामे करायला कुणीतरी आत जातंच. तो माणूस दुसरी_पाळी यांच्यासारखाच कुणीतरी असतो.

बंदीने हवेत काय फरक पडतो हे यंत्राने मोजलेलं आहे. डब्लिनच्या पबमध्ये बंदीआधी आणि वर्षभराने सूक्ष्म कण मोजले, ते ८० टक्क्यांहून अधिक घटले होते. धुरातलं बेंझीन हे विषारी रसायनही साधारण तेवढंच. इतकी घट पंख्यांनी मिळवायची तर आत वादळ उठवावं लागेल.

---

ताळेबंद

वातायन यांच्या प्रतिसादाने माझं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे 'लहान मालकाला निवड द्या'. हा प्रयोग झालेला आहे, तोही संपूर्ण देशाच्या पातळीवर.

स्पेनमध्ये १ जानेवारी २००६पासून कायदा आला. कार्यालयांत पूर्ण बंदी. बार आणि रेस्टॉरंट १०० चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर मालकाने ठरवायचं. मोठं असेल तर वेगळी बंदिस्त जागा करता येईल. खुला_बाजार म्हणतात तसंच, दारावर पाटी लावायची. काय झालं? लहान मालकांपैकी बहुसंख्यांनी 'धूम्रपान चालतं' हीच पाटी लावली. स्पेनमधले बहुतेक प्रौढ तेव्हाही ओढत नव्हते, तरी त्यांना धूरमुक्त बार शोधावा लागे. प्रत्येक मालक शेजाऱ्याकडे बघत बसला. पाच वर्षं वाट पाहून २ जानेवारी २०११ला सरकारने सरसकट बंदी आणली. ज्यांनी आधीच्या कायद्यावर विसंबून भिंती उभारल्या, यंत्रणा बसवल्या, त्यांचा पैसा वाया गेला, आणि ते संतापले. त्यांचा संताप मला रास्त वाटतो. अर्धवट नियमाने प्रामाणिकपणे खर्च करणाऱ्यालाच शिक्षा केली.

जर्मनीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे २००७-०८मध्ये राज्याराज्यांनी आपापले कायदे केले. काही राज्यांत नियम असा होता की वेगळी खोली असेल तर तिथे ओढायला परवानगी. एका खोलीच्या छोट्या बारमालकांनी संवैधानिक न्यायालयात धाव घेतली : मोठ्या जागेवाल्याला सवलत, आम्हाला नाही, आमचं गिऱ्हाईक त्याच्याकडे वळतंय. ३० जुलै २००८ला न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. निकालाचा गाभा असा की राज्याने संपूर्ण बंदी आणली तर ती घटनेत बसते. पण सवलती द्यायच्या असतील तर छोट्या बारवर त्यांचा असा विषम भार टाकता येणार नाही.

खुला_बाजार, मी सवलतींविरुद्ध इतका आग्रही का आहे ते यातून दिसावं. छोट्या मालकाचं नुकसान 'सर्वांना सारखं' या नियमाने कमी आणि सवलतीने जास्त होतं, कारण सवलत घेण्याची ऐपत मोठ्याकडे असते. जर्मनीतल्या बऱ्याच राज्यांनी पुढे छोट्या बारसाठीही सवलत काढली. बव्हेरियाने उलटी वाट धरली. तिथे ४ जुलै २०१०ला सार्वमत झालं, सुमारे ६१ टक्के मतं कडक बंदीच्या बाजूने पडली, आणि १ ऑगस्टपासून ती लागूही झाली. बिअरच्या तंबूंसाठी ओळखला जाणारा प्रदेश आहे हा.

लिलावाची कल्पना कागदावर आकर्षक आहे. पण परवाना कोण जिंकेल? ज्याच्याकडे भांडवल आहे तो. आणि त्या मोजक्या जागी कामाला कोण उभं राहील? ज्याला दुसरं काम मिळत नाही तो. धुराला किंमत लागेल, पण ती जाईल सरकारी तिजोरीत आणि श्वास घेणारा दुसराच असेल.

---

रानवाट

जपानचा एक तपशील या चर्चेत बसतो. १ एप्रिल २०२०पासून तिथे देशव्यापी कायदा लागू झाला, पण आधीपासून चालणाऱ्या, मर्यादित भांडवलाच्या आणि १०० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या जागांना सवलत ठेवली. टोकियो महानगराने आपल्या नियमात कसोटीच बदलली : जागा किती मोठी हे न पाहता, तिथे पगारी कामगार आहेत का ते पाहायचं. असतील तर सवलत नाही. मालक एकटाच किंवा घरच्यांसह चालवत असेल तर त्याने ठरवावं. ताळेबंद यांचा मुद्दा कामगाराचा असेल, तर मला ही कसोटी चौरस मीटरपेक्षा जास्त तर्कशुद्ध वाटते.

---

ताळेबंद

रानवाट, ही कसोटी मलाही सर्वांत कमी वाईट सवलत वाटते. अडचण एवढीच की 'घरचे' या नावाखाली कोण कोण उभं राहील ते तपासणं कठीण. आणि घरच्या माणसाचं फुप्फुस वेगळं नसतं.

---

पारवा

बार-हॉटेल सोडून साध्या कार्यालयांचं आणि कारखान्यांचं काय? तिथे तर गिऱ्हाईक तुटण्याचा प्रश्न नाही. मालकाला फायदाच असणार ना?

---

आकडेमोड

बहुतांशी हो. साफसफाई कमी, आगीची जोखीम कमी, पडदे-गालिचे-यंत्रं जास्त टिकतात. यांचे नेमके आकडे जागेनुसार इतके बदलतात की एक संख्या देण्यात अर्थ नाही.

कामाच्या वेळेचा मुद्दा गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेतल्या खासगी मालकाला ओढणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे वर्षाला किती जादा खर्च पडतो याचा एक अंदाज २०१३मध्ये प्रसिद्ध झाला : सुमारे ५,८०० डॉलर. त्यात सर्वांत मोठा भाग झुरक्यासाठी घेतलेल्या सुट्ट्यांचा, ३,००० डॉलरहून थोडा जास्त. त्याखालोखाल जादा उपचारखर्च, २,००० डॉलरच्या आसपास. आता गंमत नाही, नीट विचार करण्याची गोष्ट आहे : आत बंदी केली की झुरक्यासाठी बाहेर जाण्याचा वेळ वाढू शकतो. म्हणजे बंदी अल्पकाळात हा खर्च वाढवते. दीर्घकाळात तो कमी होतो, कारण माणसं कमी ओढू लागतात. २६ अभ्यासांच्या एका एकत्रित आढाव्यानुसार (२००२) पूर्ण धूरमुक्त कामाच्या जागी ओढणाऱ्यांचं प्रमाण ३.८ टक्के-बिंदूंनी घटतं (म्हणजे दर शंभर कामगारांत ओढणारे जवळपास चार जण कमी), आणि जे ओढत राहतात ते दिवसाला सरासरी ३ सिगारेट कमी ओढतात. अर्धवट बंदीत परिणाम निम्म्याच्या आसपास. तंबाखू कंपन्या कामाच्या जागेवरच्या बंदीला इतक्या का घाबरत होत्या ते इथे कळतं. त्यांचं दुखणं बारमालकाच्या गल्ल्यापेक्षा स्वतःच्या खपाचं होतं, पण मोहिमेत पुढे केला गेला बारमालक.

तो डॉलरचा आकडा वापरून ओढणाऱ्यांना नोकरीच नाकारणारे मालक आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. व्यसन लागलेल्या माणसाचा रोजगार काढून घेणं आणि त्याला आत ओढू न देणं यांत फार अंतर आहे.

---

हिरवी_शाई

दोन अनपेक्षित परिणामांची नोंद व्हावी. बारमध्ये बंदी आली की माणूस घरी ओढेल आणि मुलांना जास्त धूर मिळेल, अशी शंका अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०१०मध्ये आकड्यांसह मांडली होती. नंतरच्या पुराव्याचा कल त्या बाजूने नाही. २०१४मध्ये एका एकत्रित अभ्यासात दिसलं की धूरमुक्त कायद्यांनंतर मुदतपूर्व जन्म आणि मुलांना दम्यासाठी रुग्णालयात न्यावं लागणं, दोन्ही सुमारे १० टक्क्यांनी घटली. घरात धूर वाढला असता तर हे जुळत नाही.

दुसरा परिणाम मला जास्त काळजीचा वाटतो. बारमधल्या रोजगारावरून आकडेमोड यांनी उल्लेखलेल्या त्याच दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८मध्ये दाखवलं की बंदी असलेल्या काउंटींत दारू पिऊन झालेले जीवघेणे अपघात सुमारे १३ टक्क्यांनी वाढले. लोक बंदी नसलेल्या बारपर्यंत लांब गाडी चालवत गेले आणि पिऊन परतले.

---

खुला_बाजार

हा १३ टक्क्यांचा आकडा माझ्या बाजूचा की ताळेबंद यांच्या, यावर मी बराच विचार केला. एका गावाने बंदी केली आणि शेजारच्याने नाही, त्यातून हे झालं. म्हणजे बंदी करायचीच तर मोठ्या प्रदेशात एकदम, असाच अर्थ निघतो. इथे मी त्यांचं म्हणणं मान्य करतो.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. सरासरीत नुकसान नाही म्हणून ज्याचं नुकसान झालं तो अदृश्य होऊ नये. औद्योगिक वस्तीतला, ओढणाऱ्या कामगारांवर चालणारा, बाहेर उभं राहायला जागा नसलेला एका खोलीचा पब. इंग्लंडमध्ये २००७नंतर पब मोठ्या संख्येने बंद पडले. मंदी, बिअरवरचा कर, सुपरमार्केटमधली स्वस्त दारू ही कारणं होतीच, त्यांतून बंदीचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे हेही मान्य. पण तो शून्य होता असं मला कुणी सांगू नये. समाजाला फायदा होत असेल तर त्या मालकाला त्यातलं काही मिळायला नको का?

---

ताळेबंद

मिळायला हवं. तो शून्य होता असं मीही म्हणणार नाही.

रोख भरपाईच्या मी विरोधात आहे, कारण कोणता पब बंदीमुळे बुडाला हे ठरवता येत नाही आणि दुसऱ्याला धूर पाजण्याचा हक्क विकत घेतल्यासारखं होईल. पण दोन गोष्टी नक्की देता येतात. पहिली, पुरेशी आगाऊ मुदत, आणि ती एकदाच. जाहीर केलेली तारीख पुढे ढकलली की आधी तयारी केलेला मालक फसतो. दुसरी, बाहेर आडोसा करण्याची परवानगी लवकर आणि कमी शुल्कात. बऱ्याच ठिकाणी बंदीचा कायदा एका खात्याचा आणि फुटपाथवर छत टाकायची परवानगी दुसऱ्या खात्याची. मधल्या काळात छोटा मालक खेटे घालतो आणि अंगणवाला गिऱ्हाईक नेतो.

---

दुसरी_पाळी

आडोसा करताना एक बघा. तीन बाजूंनी भिंत आणि वर छत असलेला 'बाहेरचा' भाग म्हणजे आतलीच खोली असते, आणि तिथेही ऑर्डर घ्यायला आम्हीच जातो. भिंती किती आणि उघडं किती हे नियमात लिहिलेलं हवं, आणि त्या भागात टेबलावर सेवा देऊ नये. गिऱ्हाइकाने आत येऊन घ्यावं.

---

आकडेमोड

दुसरी_पाळी यांची सूचना उत्तम आहे. 'टेबलावर सेवा नाही' हे तपासायलाही सोपं.

माझ्याकडून शेवटची विनंती अशांना, ज्यांच्या प्रदेशात अजून कायदा यायचा आहे आणि जे व्यापारी संघटनेत, पालिकेत किंवा कामगार संघटनेत आहेत. आकडे आत्तापासून ठेवा, कायदा आल्यावर नाही. बार आणि रेस्टॉरंटचा कर वेगवेगळ्या रकान्यात. दर तिमाहीला किती जागा उघडल्या आणि किती बंद झाल्या, दोन्ही. नुसत्या बंद झालेल्या मोजल्या की चित्र नेहमीच काळं दिसतं. बाहेर बसायला जागा असलेले आणि नसलेले वेगळे. कामगारांची संख्या, तास आणि पगार. निदान दोन वर्षं आधीचे. तसा तक्ता कुणाला बनवायचा असेल तर इथेच लिहा, रकाने मी पाडून देते.